ओपीडीच्या रांगेत हृदयविकाराची जोखीम नर्सने कशी ओळखावी?

प्रश्न एका तरुण नर्सचा आहे. ती लिहिते: "ताई, मी हिंगणा रस्त्यावरच्या एका छोट्या दवाखान्यात स्टाफ नर्स आहे. रोज 80-90 पेशंट, डॉक्टर एकच, लॅब नाही. यांच्यातल्या कुणाला पुढे ॲटॅक किंवा लकवा होण्याची शक्यता जास्त आहे, हे आम्ही नर्सेसनी कसं ओळखायचं? ईसीजीचं मशीन घेऊन द्या म्हणून मालकांच्या मागे लागू का?"

ईसीजीचं मशीन दवाखान्यात असायलाच हवं, त्यासाठी जरूर मागे लाग. पण तू विचारतेस ते काम त्याने होत नाही. ईसीजी त्या घडीची गोष्ट सांगतो. काहीच त्रास नसलेल्या माणसाचा ईसीजी आज साफ निघतो आणि महिन्याभराने त्यालाच ॲटॅक येतो. शिबिरात काढलेला 'नॉर्मल' ईसीजी घडी घालून खिशात ठेवणारे आणि त्याच्या भरवशावर खर्रा (तंबाखू-सुपारी) चालू ठेवणारे किती तरी लोक मी पाहिलेत. तुला हवी आहे ती पुढच्या दहा वर्षांची जोखीम, आणि ती सापडते बीपी, कमरेचा घेर, साखर, तंबाखू आणि चार नीट विचारलेल्या प्रश्नांतून. हे सगळं नर्सच्या हातातलं आहे. हात बसला की एका पेशंटला सात-आठ मिनिटं लागतात, आणि ती मिनिटं तो तसाही बाहेर बाकावर बसूनच घालवत असतो.

माझी नऊ वर्षं नागपुरातल्या एका मोठ्या रुग्णालयाच्या हृदयरोग अतिदक्षता विभागात गेली, त्यानंतरची बीपी-शुगरच्या ओपीडीत. आयसीसीयूत असताना मला एक सवय लागली होती. पेशंट जरा स्थिर झाला की नातेवाइकांनी पॉलिथिनच्या पिशवीतून आणलेले जुने कागद मी वाचायची. कुठल्या तरी तापाच्या वेळची चिठ्ठी, हर्नियाच्या ऑपरेशनचं कार्ड, मुलीच्या बाळंतपणाच्या वेळी सहज तपासून घेतलेला बीपी. अनेकांच्या कागदांवर दोन-तीन वर्षांपूर्वीच 156/98, 164/100 असे आकडे लिहिलेले असायचे. कुणी तरी मोजलं होतं, कुणी तरी लिहिलंही होतं, पण त्या माणसाला कुणी सांगितलं नव्हतं आणि परत बोलावलं नव्हतं. आकडा मोजणारी बहुतेक वेळा नर्सच असते. म्हणून मी हे काम फार गंभीरपणे घेते.

सुरुवात अशा माणसापासून, ज्याची जोखीम मोजत बसायची नाही. छातीत दुखतंय, दाबल्यासारखं होतंय, डावा हात किंवा जबडा भरून येतोय, घाम फुटलाय, दम लागतोय, असं कुणी सांगितलं तर कमरेचा टेप आणि जोखमीचा तक्ता बाजूला. मशीन असेल तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी आणि लगेच डॉक्टर. आपल्याकडे या दुखण्याचं नाव 'गॅस' आहे. "सिस्टर, छातीत गॅस अटकला जी, सोडा पेलो तरी उतरत नाई" हे वाक्य ऐकलं की मी हातातलं काम टाकून उठते. बायका, म्हातारी माणसं आणि शुगरचे जुने पेशंट यांना तर कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता थकवा, मळमळ किंवा दम. तोंड वाकडं होणं, एक हात लुळा पडणं, बोलणं अडखळणं दिसलं तरी तसंच. अशा पेशंटला डॉक्टरांनी पाहिल्यावर मेडिकलला (सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) किंवा जिथे ती सोय आहे तिथे ताबडतोब पोचवायचं. वाट पाहायची नाही.

आता बीपी. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण बाकी सगळं याच्यावर उभं आहे आणि सगळ्यात जास्त चुका इथेच होतात.

पेशंट जिना चढून आला, आल्या आल्या स्टुलावर बसला, हात लोंबत, पाय अधांतरी, शर्टाची बाही वर सरकवून दंडाला आवळलेली, आणि आपण पट्टा बांधता बांधता विचारतोय, "काकाजी, घरचे सगळे बरे?" तो उत्तर देतोय आणि मशीन फुगतंय. या एका चित्रात पाच-सहा चुका आहेत आणि प्रत्येक चूक आकडा वर ढकलते. हात हृदयाच्या पातळीपेक्षा जितका खाली, तितका बीपी जास्त दिसतो. दर सेंटिमीटरला बीपी सुमारे पाऊण मिमीने (पाऱ्याच्या) वर. हात पंधरा सेंटिमीटर खाली लोंबत असेल तर नुसत्या त्याच्यामुळे अकरा मिमी वाढले. 132 चा माणूस 143 चा झाला आणि त्याच्या माथी बीपीचा शिक्का बसला.

पाठ टेकेल अशी खुर्ची हवी, स्टूल नको. पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीत. पाच मिनिटं शांत बसणं. अर्ध्या तासात चहा, खर्रा, बिडी किंवा धावपळ नको. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायला सांगायचं. बायका हे स्वतःहून सांगत नाहीत, विचारावं लागतं. मोजताना त्यानेही बोलायचं नाही आणि आपणही नाही. 80 पेशंटांच्या गर्दीत पाच मिनिटं कुठून आणायची, असं तू म्हणशील. आम्ही मोजायच्या टेबलाशेजारी तीन खुर्च्या ओळीने ठेवल्या. पहिल्याचं मोजणं चालू असतं तेव्हा दुसरा आणि तिसरा शांत बसलेले असतात. वेळ वेगळा काढावा लागलाच नाही.

पट्ट्याचं माप बघ. पट्ट्याच्या आतली फुगणारी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के भाग वेढणारी हवी. जाड दंडाला छोटा पट्टा बांधला की बीपी खोटा जास्त येतो, आणि ज्यांच्याबद्दल आपल्याला जास्त काळजी असते त्यांचेच दंड जाड असतात. प्रत्येक पट्ट्यावर तो किती घेराच्या दंडासाठी आहे ते छापलेलं असतं. टेपने दंड मोजून पट्टा निवडायचा. मालकांकडे काही मागायचंच असेल तर आधी मोठा पट्टा माग, मग ईसीजीचं मशीन. हाताने फुगवायचं मशीन असेल तर मनगटाची नाडी लागते ना लागते ते बघत फुगवायचं, नाडी गेल्यावर आणखी 30 मिमी वर, मग सेकंदाला दोनच्या गतीने खाली. घाईने सोडलेल्या हवेत वरचा आकडा कमी सापडतो आणि खालचा जास्त.

पहिल्या भेटीत दोन्ही हातांचा घ्यायचा, ज्या हाताचा जास्त येईल तोच हात पुढे कायम. त्या हातावर एक-दोन मिनिटांच्या अंतराने दोनदा. आणि जो आकडा आला तोच लिहायचा. एका ठिकाणी रजिस्टर तपासताना मी पाहिलं, पानामागून पान 130/80, 120/80, 140/90. शेवटी नेहमी शून्य. माणसांचे बीपी असे नसतात. 137 ला 130 लिहिलं की तो माणूस सुखरूप घरी जातो, 137 ला 140 लिहिलं की त्याला नसलेला आजार चिकटतो. काटा असलेलं किंवा जुनं पाऱ्याचं मशीन वापरत असशील तर आकडा जवळच्या सम संख्येपर्यंत लिही, आणि काट्याचं मशीन दर सहा महिन्यांनी तपासून घे.

पट्टा बांधायच्या आधी नाडीवर बोट ठेव आणि पूर्ण मिनिट मोज. 15 सेकंद मोजून चारने गुणू नको. नाडीचा ताल पूर्ण बिघडलेला असेल, कुठलाच ठोका ठरलेल्या अंतराने येत नसेल, तर त्या माणसाला ईसीजी हवा. अशा बेतालपणात हृदयात गुठळी होऊन लकवा मारू शकतो, आणि ते आधी कळलं तर त्यावर औषध आहे. अशा पेशंटचा बीपी ऑटोमॅटिक मशीनने भरवशाचा येत नाही, कानाने ऐकून घ्यावा लागतो. तरुण बाई, तिशीच्या आतबाहेरची, कामाने दम लागतो म्हणते आणि नाडी अशी लागते, तर तिला जोखमीच्या तक्त्यात शोधूच नकोस. लहानपणच्या सांधेतापाने झडप खराब झालेली असू शकते. तिला थेट हृदयाच्या डॉक्टरांकडे.

नागपूरच्या हवेबद्दल एक गोष्ट, जी मला पुस्तकाने नाही, रजिस्टरने शिकवली. मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो तेव्हा रक्तवाहिन्या सैल पडतात, घामाने पाणी आणि मीठ जातं, आणि सगळ्यांचेच बीपी उतरतात. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत तेच चढतात. म्हणून मे मध्ये 136-138 आलेल्या माणसाला "तुमचा नॉर्मल आहे" म्हणून सोडून देऊ नको, दिवाळीनंतरची तारीख दे. ज्यांना गोळी चालू आहे त्यांना, खास करून लघवी वाढवणारी गोळी असलेल्यांना, उन्हाळ्यात उठल्यावर चक्कर येते. काही जण आपल्या मनाने गोळीच बंद करतात आणि पावसाळ्यात लकवा घेऊन येतात. उन्हाळ्यात वयस्क पेशंटचा बीपी बसून आणि मग उभं करून तीन मिनिटांच्या आत पुन्हा घे. वरचा 20 किंवा खालचा 10 ने पडत असेल तर डॉक्टरांना सांग, गोळी तेच कमी करतील.

दोन वेगवेगळ्या दिवशी 140/90 किंवा वर आला तर त्याला उच्च रक्तदाब म्हणायचं. एका दिवसाच्या आकड्यावर नाही. अपवाद 180/110 च्या पुढचा. तिथे पाच मिनिटांनी पुन्हा मोजायचं, तेवढाच आला तर त्याच दिवशी डॉक्टर. डोकं ठणकणं, दिसणं धूसर होणं, छातीत दुखणं, दम लागणं सोबत असेल तर तातडीची केस. आणि हे माझं हात जोडून सांगणं आहे: बीपी झटकन खाली यावा म्हणून जिभेखाली कॅप्सूल फोडून टाकायची जुनी सवय अजून कुठे कुठे टिकून आहे. ते करू नको आणि कुणाला करू देऊ नको. बीपी असा कोसळला तर त्यानेच लकवा होतो.

कमरेचा टेप. वजनकाटा सगळीकडे असतो, टेप कुणी काढत नाही, आणि आपल्या लोकांच्या बाबतीत टेप जास्त बोलतो. हातपाय काटक आणि पोट पुढे, असा माणूस वजनावर सुटून जातो. भारतीयांसाठी धोक्याची रेघ पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, हासुद्धा आपल्याकडे 23 पासून जास्त आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात, बाहेरच्या तक्त्यांसारखं 25 आणि 30 नाही. मोजायची जागा बेंबी नाही. सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा कंगोरा यांच्या मधोमध, साधा श्वास सोडल्यावर, टेप जमिनीला समांतर. बायकांना पडद्याआड न्यायचं, परकराची नाडी जरा खाली घ्यायला सांगायची. टेप तिच्याच हातात देऊन "मावशी, इथून धरा" म्हटलं की संकोच निम्मा होतो. पुरुषांच्या पट्ट्याचं भोक विचारून माप लिहू नको. पोट पट्ट्यावरून खाली ओघळलेलं असतं.

मापं घेताना डोळे उघडे ठेव. मानेमागे आणि काखेत मळासारखी काळी, मखमली कातडी दिसली की शरीरात इन्सुलिन नीट चालत नाही, साखर तपास. पापण्यांच्या आतल्या कोपऱ्यावर पिवळसर चकत्या दिसल्या तर रक्तातली चरबी तपासायला सांग. घोट्यांवर बोट दाबून खड्डा राहतो का, म्हणजे सूज आहे का, बघ.

प्रश्नांमध्ये माणूस खरं तेव्हाच सांगतो, जेव्हा विचारण्यात न्यायाधीश नसतो. "तंबाखू खाता का?" याला आपल्या भागात बहुतेक उत्तर "नाही" येतं, कारण खर्रा म्हणजे तंबाखू असं लोक धरतच नाहीत. खर्रा म्हणजे सुपारी आणि तंबाखू, चुना लावून घोटलेली, आणि ती विदर्भात टपरीटपरीवर मिळते. म्हणून मी विचारते, "खर्रा दिवसाला किती पुड्या लागतो?" लगेच खरं उत्तर येतं: "दोन... कामावर असलो त चार." गुटखा, नस (तपकीर), बिडी, प्रत्येकाचं नाव घेऊन विचार. बायकांनाही विचार, दात घासायच्या नावाखाली तंबाखूची मिश्री वापरणाऱ्या बऱ्याच आहेत. खर्रा नुसता तोंडाच्या कॅन्सरचा विषय आहे असा आपला समज असतो. त्यातलं निकोटीन दर पुडीला नाडी आणि बीपी वर नेतं, आणि धूर नसलेल्या तंबाखूनेही ॲटॅक आणि लकव्याने मरण्याचा धोका वाढतो.

घरात कुणाला हृदयविकार आहे का, असं मोघम विचारलं तर 80 वर्षांच्या आजोबांपर्यंत सगळे येतात. वय विचार. वडील किंवा भाऊ 55 च्या आत, आई किंवा बहीण 65 च्या आत गेली असेल किंवा आजारी पडली असेल, तर ती खूण मोठी. 'अचानक झोपेतच गेला' याचीही नोंद कर.

बायकांना आम्ही एक प्रश्न वर्षानुवर्षं विचारलाच नाही, याची मला खंत आहे: बाळंतपणात बीपी वाढला होता का, झटके आले होते का, शुगर निघाली होती का? बाळ झालं, बीपी उतरला, विषय संपला असं सगळे मानतात. पण गरोदरपणात असा बीपी वाढलेल्या बाईला पुढे हृदयविकाराचा धोका साधारण दुप्पट असतो. गरोदरपणातली शुगर ही पुढच्या मधुमेहाची आगाऊ सूचना असते. पाळी चाळिशीच्या आत गेली असेल तर तेही लिही. डागा रुग्णालयात किंवा आणखी कुठे बाळंतपण झालं असेल तिथलं कार्ड पुढच्या वेळी आणायला सांग. ते बायका नीट जपून ठेवतात.

गोळ्या विचारताना 'बीपीची, शुगरची' एवढ्यावर थांबू नको. गुडघ्या-कंबरेसाठी मेडिकल स्टोअरमधून परस्पर आणलेली दुखण्याची गोळी रोज चालू असते. ती बीपी वाढवते आणि किडनीला मारते. ठेल्यावर राबणारे, शेतमजूर, कळमन्याच्या बाजारातले हमाल यांच्यात हे फार आहे. सांधेदुखीच्या पुड्यांमध्ये स्टेरॉइड असल्याचा संशयही येऊ दे. जोरात घोरतो का, हे बायकोला विचार. झोप किती, दारू किती, घरी काय चाललंय, हे विचारायला अर्धं मिनिट लागतं. 2004 साली 52 देशांचा मिळून एक मोठा अभ्यास आला होता, इंटरहार्ट नावाचा. त्यात पहिल्या ॲटॅकमागच्या नऊ कारणांत मनावरचा ताण होता, तंबाखू, बीपी, साखर, चरबी, पोटाचा घेर यांच्या जोडीने. त्याच अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक मध्यावर 53 व्या वर्षी येताना दिसला, बाकी जगापेक्षा काही वर्षं आधी. आपल्या बाकावर बसलेला 45 चा माणूस म्हणूनच तरुण समजायचा नाही.

खाण्याबद्दल लांबलचक विचारत बसू नको, मिठावर ये. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे सपाट चमचाभर, एवढी मर्यादा. जेवणावर वरून मीठ, लोणचं, पापड, ताकातली वाळवलेली मिरची, सांडगे, टपरीवरची चिवड्याची पुडी, हे रोज किती? सावजी रस्सा आणि तर्रीपोहे महिन्यातून किती वेळा, रोज की रविवारी? "बंद करा" म्हटलं की माणूस पुढच्या वेळी येत नाही. "रोजचं रविवारी करता येईल का?" याला बरेच जण हो म्हणतात आणि काही जण पाळतात.

साखरेसाठी ग्लुकोमीटर. बीपी-शुगरसारख्या आजारांसाठीच्या राष्ट्रीय कार्यक्रमात 30 वर्षांवरच्या सगळ्यांची बीपी-साखर तपासायची असते, आणि कधीही घेतलेली साखर 140 किंवा वर आली तर पुढच्या तपासणीला पाठवायचं. उपाशीपोटी 126 पासून मधुमेह, 100 ते 125 काठावर. बोट पाण्याने धुऊन कोरडं झाल्यावरच टोचायचं; केळं सोललेल्या किंवा चहा सांडलेल्या बोटातून 200 चा आकडा येतो. आता खास आपल्या भागाची गोष्ट. विदर्भात सिकलसेल, हा रक्ताचा आनुवंशिक आजार, बऱ्याच घरांत आहे. ज्याला सिकलसेलचा आजार आहे त्याच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यामुळे तीन महिन्यांची साखर, एचबीए1सी, खोटी कमी येते. नुसता वाहक असेल तर काही मशीनवर बरोबर येते, काहींवर नाही. उलट लोह कमी असलेल्या बाईची ती खोटी जास्त येऊ शकते. तेव्हा घरात सिकलसेलचं कार्ड कुणाकडे आहे का, हे विचारून चिठ्ठीवर लिही. डॉक्टर मग उपाशीपोटीच्या आणि जेवणानंतरच्या साखरेवर जातील.

हे सगळं हातात आलं की तक्ता. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये जगाच्या 21 भागांसाठी वेगवेगळे रंगीत तक्ते काढले, दक्षिण आशियाचा वेगळा आहे, तोच छापून भिंतीवर लाव. त्यात लॅबशिवायचा एक तक्ता आहे, तुझ्या दवाखान्यासाठी तोच. वय, बाई की पुरुष, धूम्रपान, वरचा बीपी आणि बीएमआय, एवढ्यावर चौकट सापडते. दहा वर्षांत ॲटॅक किंवा लकवा होण्याची शक्यता किती टक्के, ते त्या चौकटीत असतं: 5 पेक्षा कमी, 5 ते 10, 10 ते 20, 20 ते 30 आणि त्यावर. कोलेस्टेरॉल आणि मधुमेह धरणारा तक्ता वेगळा, लॅबचा.

तक्त्याच्या मर्यादा मात्र तोंडपाठ हव्यात. तो 40 ते 74 वयासाठी आहे. त्यात खर्रा नाही, फक्त धूम्रपान आहे. घरचा इतिहास नाही, बाळंतपणातला बीपी नाही, कमरेचा घेर नाही. म्हणून तक्ता 8 टक्के म्हणत असेल आणि समोरचा माणूस दिवसाला चार खर्रे खाणारा, वडील 50 व्या वर्षी गेलेला असेल, तर मी चिठ्ठीवर '8 टक्के, पण' असं लिहून ते दोन्ही खाली लिहिते. ज्याला आधीच ॲटॅक, लकवा किंवा अँजिओप्लास्टी झाली आहे त्याला तक्ता लागत नाही, तो जास्त जोखमीचाच. किडनीचा आजार असलेला, बीपी 160/100 च्या वर असलेला किंवा बऱ्याच वर्षांचा मधुमेही यांनाही तक्ता कमी आहे म्हणतोय म्हणून घरी पाठवायचं नाही. आणि 34 वर्षांच्या मुलासाठी चौकट शोधायचीच नाही. जे सापडलं, बीपी, खर्रा, पोट, तेच त्याला सांगायचं.

सांगायचं कसं? टक्के कुणाला कळत नाहीत. मी म्हणते, "काकाजी, तुमच्यासारखी शंभर माणसं या मैदानात उभी केली, त त्यातल्या वीस जणांना दहा वर्षांत ॲटॅक नाही त लकवा होतो. खर्रा आणि बीपी सांभाळला, तर त्यातले बरेच वाचतात." मग गप्प राहते. त्याला बोलू देते. बहुतेक जण म्हणतात, "मले त काईच होत नाई, मी रोज कामाले जातो." त्यावर वाद घालत नाही. बीपी दुखत नाही हीच त्याची अडचण आहे, एवढं सांगते. दुसरी भीती गोळीची असते: "एकदा गोयी लागली का जनमभर सुटत नाई जी." याचं खरं उत्तर द्यायचं: बहुतेकांना सुटत नाही, आणि ती रोज घेणाऱ्यालाच ती वाचवते. खोटी आशा दिली की माणूस दोन महिन्यांनी गोळी सोडतो. खर्रा सोडायला तयार झालेल्याला एकटं सोडू नको. तंबाखू सोडण्यासाठीची सरकारी मोफत फोन सेवा 1800-112-356 आहे, दवाखान्यातूनच त्याच्यासमोर फोन लावून दे.

आपली हद्द आपण ओळखायची. मोजणं, विचारणं, जोखीम काढणं, समजावणं, पाठवणं आणि परत बोलावणं आपलं. निदान आणि गोळी डॉक्टरांची. पण डॉक्टरांना 90 पेशंटांत तुझी केस दिसावी लागते. चिठ्ठीवर तीन ओळी पुरतात. उदाहरणार्थ: '52 पुरुष. बीपी 158/96, उजवा हात, दोनदा, मागच्या आठवड्यात 154/94. कंबर 98. खर्रा 3, भाऊ 49 व्या वर्षी ॲटॅकने गेला. साखर 168, जेवून दोन तास. जोखीम तक्त्यावर 5 ते 10 टक्के, खर्रा धरला तर जास्त. चरबी आणि लघवीतलं प्रथिन तपासावं का?' प्रश्नाने संपवलेली चिठ्ठी डॉक्टर वाचतात. हा माझा अनुभव आहे.

आणि परत येणं. इथेच सगळं गळतं. आमच्याकडे एक साधी वही आहे, महिन्यांप्रमाणे, नावांप्रमाणे नाही. ज्याला फेब्रुवारीत यायचं आहे तो फेब्रुवारीच्या पानावर. महिना संपला की पानावर न खोडलेली नावं दिसतात, त्यांना फोन. तारीख देताना त्याच्या कामाचा दिवस विचारून द्यायची. हिंगण्याच्या कारखान्यातला कामगार सुट्टीच्या दिवशीच येऊ शकतो. काटोलकडून येणारी बाई कापूस वेचणीत येणार नाही, सोयाबीन काढणीत तर नाहीच. तिला जवळच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात (सरकारी आरोग्य केंद्रात) बीपी मोजून घेता येईल, तिथल्या सीएचओंच्या (आरोग्य अधिकाऱ्यांच्या) नावाने चिठ्ठी दे आणि आशाताईला कळव. आशाताई गावात 30 वर्षांवरच्या लोकांचा जो तपासणी फॉर्म भरते, त्यात 4 च्या वर गुण आलेल्यांना आधी तपासायचं असतं. ती यादी मागून घेतलीस तर कुणाला शोधायचं हे अर्धं काम झालेलं असतं. जोखीम 10 टक्क्यांच्या आत आणि बाकी सगळं ठीक असेल त्याला मी वर्षाने बोलावते, 20 च्या वरच्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांसमोर बसवते आणि मग दर तीन महिन्यांनी.

सुरुवात कुठून करायची, तर पेशंटांपासून नको. पहिला आठवडा दवाखान्यातल्याच लोकांवर हात बसव: दुसऱ्या सिस्टर, ब्रदर, आया मावशी, चौकीदार. टेप कुठे लावायचा, मोठा पट्टा कुणाला लागतो, खर्रा कसा विचारायचा, सगळं तिथे शिकता येतं. आम्ही सुरू केलं तेव्हा वीस वर्षं रात्रपाळ्या केलेल्या एका सिस्टरचा बीपी 168/102 निघाला. दुसऱ्या दिवशी, शांत बसवून, मोठ्या पट्ट्याने, पुन्हा 164/100. ती रोज दुसऱ्यांना बीपीच्या गोळ्या वाटत होती आणि तिचा स्वतःचा चार वर्षांत कुणी मोजला नव्हता. तिची पुढची तारीख त्याच वहीत आहे, मार्चच्या पानावर, बाकीच्यांच्या रांगेत.